न्यून कोणी सिद्ध करावे?

चैत्र लागला की आपल्या घरांतून आणि देवळांतून पाण्याला निराळेच मोल येते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि कैरीची डाळ, रामनवमीला देवळात पानक, अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान, आणि वाटेवर कोणा सज्जनाने घातलेली पाणपोई. ग्रीष्मात मनुष्याच्या देहाला काही उणे पडते आणि ते भरून देणे हा धर्म आहे, अशी जाणीव या साऱ्या आचारांच्या मुळाशी आहे. नेमक्या याच दिवसांत बाजारातही एक उत्सव सुरू होतो. औषधांच्या दुकानांतून, व्यायामशाळांच्या दारांतून आणि ज्याच्या त्याच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावरून डबे, गोळ्या आणि भुकट्या आपणास हाका मारू लागतात. कोणी उन्हाळ्यात शरीर सुडौल करून देतो, कोणी थकवा नाहीसा करतो, कोणी घामावाटे गेलेले सर्व काही परत आणून देतो. पन्हे देणारी गृहिणी आणि डबा विकणारा व्यापारी, दोघांचेही म्हणणे वरवर एकच आहे: तुमच्यात काही न्यून आहे, ते आम्ही भरून काढतो. मग या दोहोंत भेद कोणता? हा प्रश्न मला ग्रंथांतून पडला नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून पडला. म्हणून ती चूक आधी सांगणे प्राप्त आहे.

मी बेळगावात वकिली करतो. माझ्या कचेरीतील कारकुनांचा मुलगा सैन्यभरतीची तयारी करीत होता. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या गावात अशी मुले पुष्कळ दिसतात. सोळाशे मीटरच्या धावेतील पाच-दहा सेकंदांवर त्यांचे आणि त्यांच्या घराचे भवितव्य अवलंबून असते. हा मुलगा सकाळच्या पाळीला एका फाउंड्रीत काम करी आणि दुपारी साडेतीनला मैदानावर धावावयास जाई. एप्रिलच्या आरंभी एके दिवशी कारकून माझ्यासमोर अवघडून उभे राहिले. "साहेब, पगारातून थोडी उचल पाहिजे होती. पोराला ताकदीचे डबे घ्यायचेत. बरोबरची सगळी पोरे घेतात म्हणतो."

मी पैसे काढून दिले. उचल म्हणून नव्हे, भेट म्हणून दिले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. कोणता डबा, त्यात काय आहे, तो कोणी सुचविला, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. तीन आठवड्यांनी तो मुलगा मैदानावर चक्कर येऊन पडला. दोन दिवस तो रुग्णालयात होता. देवाच्या कृपेने पूर्ण बरा झाला. डॉक्टरांनी एकाच कारणाकडे बोट दाखविले नाही. भट्टीजवळचे काम, दुपारचे ऊन, अपुरे पाणी, रात्रीची तुटपुंजी झोप. आणि त्यात भर म्हणून धावण्यापूर्वी घेतली जाणारी ती भुकटी. दोन डब्यांपैकी एकात प्रथिने होती. दुसऱ्याच्या एका मापात दोन-तीन पेले कॉफीत असावे तितके कॅफीन होते. हे सर्व त्या डब्यावर छापलेले होते, बारीक इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्याचा कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका, असे मी गेली वीस वर्षे लोकांना पैसे घेऊन सांगत आलो. आणि जो कागद मी स्वतः वाचावयास हवा होता, तो मी रुग्णालयाच्या बाकावर बसून प्रथम वाचला.

आमच्या व्यवसायात एक साधा नियम आहे. जो एखादी गोष्ट आहे असे म्हणतो, त्याने ती सिद्ध करावी. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो तसाच आहे. हा नियम केवळ न्यायालयापुरता नाही. तो सभ्य व्यवहाराचा पाया आहे. 'पूरक' या शब्दातच एक विधान दडलेले आहे. पूरक म्हणजे पुरे करणारे. जे रिकामे आहे तेच भरता येते. भरलेल्या घागरीत ओतलेले पाणी जमिनीवर सांडते. तेव्हा पूरक आहार विकणारा मनुष्य, उच्चारून वा न उच्चारता, माझ्याविषयी एक आरोप करीत असतो की या देहात अमुक गोष्टीची उणीव आहे. त्या आरोपाचा पुरावा कोणी द्यावयाचा? नियमाप्रमाणे त्याने. परंतु बाजारात हे ओझे मोठ्या सफाईने उलटविले जाते. तुम्ही अशक्त नाही हे तुम्हीच सिद्ध करा, असा दंडक पडतो. आणि आरशासमोर उभा राहिलेला वीस वर्षांचा तरुण हा आपला खटला पहिल्याच दिवशी हरतो.

उदाहरणार्थ, प्रथिनांचाच विचार करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे ५४ ग्रॅम. कष्ट आणि व्यायाम करणाऱ्यास याहून काही अधिक लागतील हे मान्य. तथापि डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांतून ती भरून निघणे अवघड नाही. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नयेत, असा स्पष्ट सल्ला याच संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिला आहे. त्या मुलाच्या ताटात खरोखर किती प्रथिने होती, हे डबा घेण्यापूर्वी कोणी मोजले होते? कोणीच नाही.

कायद्याने याबाबतीत काहीच केले नाही असे नव्हे. रोग बरे करण्याच्या भूलथापांना आळा घालण्यासाठी १९५४ सालीच आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. परंतु शरीराच्या क्रियांवर परिणाम घडविणाऱ्या वस्तूंना औषध म्हणताना त्या कायद्याने 'अन्नाव्यतिरिक्त' असा शब्द घातला आहे. आणि आपला डबा कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे. त्याचा विचार २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात होतो. या डब्याने विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा करू नये, हे औषधी उपयोगासाठी नाही असे त्यावर स्पष्ट छापावे, असे बंधन आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तथापि कायदा शब्दांना पकडू शकतो, सूचकतेला नाही. डब्यावरील पिळदार दंडाचे चित्र कोणताही दावा करीत नाही. ते नुसते दिसते.

कधी कधी तर नावच दावा होऊन बसते. जुलाबाने वा उष्म्याने कोरड्या पडलेल्या देहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेले क्षारसंजीवनीचे प्रमाण सर्वज्ञात आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली असता बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच साध्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. ज्या नावाला ही पुण्याई लाभली, ते 'ओआरएस' हे नाव या प्रमाणाशी काही संबंध नसलेली गोड पेये आपल्या वेष्टनावर मिरवीत होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली. तोवर आजारी लेकरासाठी खऱ्या ओआरएसच्या भरवशाने तसली बाटली विकत घेतलेल्या आईची फसवणूक कोणत्या न्यायालयात मोजावयाची?

या प्रकरणातील आणखी एक गंमत आपल्या परसातली आहे. बारीक होण्याच्या गोळ्यांवर 'गार्सिनिया' हे नाव पुष्कळ आढळते. केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडंपुळी म्हणजे हे फळ. आणि आपले कोकम, गोमंतकीयांची भिरंड, ही तिची सख्खी बहीण. दोहोंच्या सालीत एक विशिष्ट आम्ल असते आणि ते चरबी घटविते असे सांगण्यात येते. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे त्याची परीक्षा झाली. खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने वजन अधिक घटले असे दिसले नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी झाल्या. आमसुलाचे सार भातावर घेणारी आजी आणि त्याच कुळातल्या फळाचा अर्क गोळीतून गिळणारी नात यांत पदार्थाचा भेद थोडा. अपेक्षेचा भेद फार मोठा. आजीने सारापासून रुची आणि गारवा मागितला, आणि तो तिला मिळाला.

येथवर वाचून काही वाचक मान डोलावतील: आमचे पूर्वज शहाणे, आमचा आहार परिपूर्ण, हे डबे म्हणजे परदेशी खूळ! त्यांना माझी नम्र विनंती आहे की पुराव्याचे ओझे त्यांच्याही शिरावर आहे. आहार परिपूर्ण आहे हेही एक विधानच आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. कडक शाकाहार पाळणाऱ्या आणि दूधदुभते अल्प घेणाऱ्या घरांत त्याची उणीव आढळते, आणि तीमुळे हातापायांना मुंग्या येण्यापासून स्मृतिभ्रंशापर्यंत त्रास होऊ शकतो. गर्भवतीला लोहाच्या आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या द्याव्या लागतात. मिठात आयोडीन मिसळल्याने गलगंड हटला. ही सर्व पूरकेच आहेत, आणि ती नाकारणे हा धर्माभिमान नव्हे, दुराग्रह होय. उपवास करणाऱ्या आमच्या किती मातांनी आपले रक्त तपासून घेतले आहे? जेथे उणीव परीक्षेने सिद्ध झाली, तेथे गोळीला पन्ह्याइतकाच मान द्यावा. प्रश्न डब्याविरुद्ध ताटाचा नाही. सिद्ध झालेल्या न्यूनाविरुद्ध गृहीत धरलेल्या न्यूनाचा आहे.

उन्हाळ्यापुरते बोलावयाचे तर न्यूनाची आणखी एक जात लक्षात येते. चरकाने ऋतुचर्या सांगताना ग्रीष्म हा बळ ओसरण्याचा काळ मानला. या दिवसांत गोड, थंड, द्रव असे अन्न घ्यावे आणि व्यायाम टाळावा असे म्हटले. हे न्यून भरून काढण्याचे नव्हे, मान्य करण्याचे आहे. देहाला उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, हे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते. हळूहळू सराव वाढविला म्हणजे घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे जाणारे मीठ कमी होते. हे काम काळ करतो, आणि काळ डब्यात भरता येत नाही. परंतु 'विश्रांती घ्या' असे त्या मुलाला सांगणे मला सोपे आहे. भरतीची तारीख ऋतू पाहून लागत नाही, आणि फाउंड्रीची पाळीही. गरिबाला संयम शिकविणे हे पुष्कळदा श्रीमंताच्या आळसाचे दुसरे नाव असते.

येथेच मला माझी चूक नीट उमगली. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले ते दान, असे आपण नेहमी म्हणतो. मी पात्र पाहिले. देश आणि काळ पाहिला नाही. त्या मुलाचे खरे न्यून प्रथिनांचे नव्हते. पहाटे धावता येईल अशा वेळेचे होते. पोटभर जेवणाचे, पाण्याचे आणि झोपेचे होते. फाउंड्रीचे मालक माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे जाऊन पाळी बदलून देण्याविषयी दोन शब्द टाकणे मला शक्य होते. परंतु त्यासाठी मला स्वतः उठून जावे लागले असते, विनंती करावी लागली असती, कदाचित नकार ऐकावा लागला असता. पैसे देणे फार स्वस्त होते. डबा घेण्यात आणि डब्यासाठी पैसे देण्यात तोच एक मोह असतो. जे कष्टाने, वेळाने आणि परस्परांच्या साह्याने व्हावयाचे, ते किंमत मोजून मोकळे होण्याचा. उदककुंभ देणारा निदान ती घागर स्वतः भरून नेतो.

मुलगा रुग्णालयातून घरी आल्यावर मी मालकांकडे गेलो. त्यांनी पाचच मिनिटांत पाळी बदलून दिली. कारकुनांच्या घरी सकाळी नाचणीची आंबील होऊ लागली, धावण्याआधी आणि नंतर पाणी, चिमूटभर मीठ घातलेले कोकमाचे सरबत, रात्री नऊला झोप. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले. त्यात लोह कमी आढळले आणि त्याच्या गोळ्या मात्र त्यांनी लिहून दिल्या. त्या मी आणून दिल्या, यावेळी वेष्टन वाचून.

पुढे भरतीत त्याचे काय झाले, हे वाचकांना विचारावेसे वाटेल. ते मी मुद्दाम सांगत नाही. एका मुलाच्या यशापयशावरून सर्वांना उपदेश करणे हीच तर जाहिरातीची रीत आहे. आंबिलीला आणि झोपेला मी तसल्या साक्षीदाराची गरज लावू इच्छित नाही. या चैत्रात कोणी आपल्याला 'तुझ्यात काही उणे आहे' असे सांगितले, तर रागावू नये आणि घाबरूही नये. शांतपणे पुरावा मागावा. आणि पुरावा मिळाला, तर ते उणे भरण्यासाठी डबा हवा की आपल्यातल्याच कोणी उठून दोन पावले चालणे हवे, एवढे मात्र पाहावे.