आणखी एक वर्ष

उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 'क' वर्षात, आपण संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकतो. तीन वर्षे फळ न देणारे झाड तोडून टाक, असे मळ्याचा मालक सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. सभोवती खणून खत घालायची तयारी दाखवतो. दाखला तिथेच थांबतो. पुढच्या वर्षी फळ आले की कुऱ्हाड आली, हे प्रभू येशू सांगत नाही.

झाडाच्या मुळाशी नेमके काय बिघडले आहे, हे ना मालकाला दिसत होते ना माळ्याला. दोघांनाही फक्त रिकाम्या फांद्या दिसत होत्या. तरी एकाने निकाल दिला आणि दुसऱ्याने मुदत मागितली. आपण माणसांविषयी मत बनवतो तेव्हा या दोघांपैकी कोणाच्या जागी उभे असतो? अमेरिकेतील क्रिस हेन्री या तरुण खेळाडूचे आयुष्य या प्रश्नासाठी समजून घेण्यासारखे आहे.

अमेरिकन फुटबॉल हा आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या बांधून तो खेळतात. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू लांब फेकतो आणि रिसीव्हर वेगाने पळत जाऊन तो झेलतो. झेलताना त्याचे दोन्ही हात वर असतात, लक्ष चेंडूवर असते, आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर येऊन आदळतात.

क्रिसचा जन्म १९८३ साली लुइझियाना राज्यातील बेल चेस येथे झाला. उंची सहा फूट चार इंच, अंगाने सडपातळ, पायांत विलक्षण वेग. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००३ च्या मोसमात त्याने झेलांवर हजाराहून अधिक यार्ड मिळवले. २००५ साली सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाने त्याला तिसऱ्या फेरीत निवडले. दुसऱ्याच मोसमात, २००६ मध्ये, त्याने ३६ झेलांत नऊ टचडाउन केले. म्हणजे दर चौथा झेल सहा गुणांचा! एवढी देणगी फार थोड्यांना लाभते.

पण त्याच काळात दुसऱ्या बातम्याही येऊ लागल्या. अमली पदार्थ जवळ बाळगणे, बेकायदा शस्त्र, अल्पवयीन मुलांना दारू पुरवणे, अशा निरनिराळ्या प्रकरणांत २००५ च्या अखेरीपासून त्याला अनेकदा अटक झाली. एका न्यायाधीशांनी तर, हा एकटाच म्हणजे गुन्ह्यांची लाट आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. एप्रिल २००७ मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी त्याला आठ सामन्यांसाठी निलंबित केले. एप्रिल २००८ मध्ये आणखी एका मारहाणीच्या आरोपानंतर बेंगल्सने त्याला संघातून काढून टाकले. झाड तोडले गेले. त्याला अन्याय म्हणणेही कठीण होते, कारण ज्यांना त्रास झाला ती माणसेही खरीच होती.

त्यानंतर काही महिन्यांतच अनपेक्षित घडले. ऑगस्ट २००८ मध्ये संघाचे मालक माइक ब्राउन यांनी त्याला परत बोलावले. मुख्य प्रशिक्षकांची त्याला अनुकूलता नव्हती. अनेकांनी टीका केली, हा भोळेपणा आहे, असे म्हटले. दाखल्यातील मालक झाड तोडायला निघाला होता. इथे मालकच माळी झाला. त्यानंतर क्रिस शांत होत गेला. तीन लहान मुलांचा तो बाप होता आणि त्यांच्या आईशी त्याचा विवाह ठरला होता. हा मुलगा आता मार्गाला लागतो आहे, असे त्याच्या सोबत खेळणारे सांगू लागले. नोव्हेंबर २००९ मध्ये सामन्यात हात मोडल्याने त्याचा मोसम संपला.

१६ डिसेंबर २००९ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहरात त्याचे आपल्या वाग्दत्त वधूशी भांडण झाले. ती ट्रक घेऊन निघाली तेव्हा तो मागच्या उघड्या भागात चढला. धावत्या गाडीतून तो रस्त्यावर पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. वय अवघे २६ वर्षे. कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही. पुष्कळांच्या मनात तेव्हा एकच वाक्य आले असेल : असेच व्हायचे होते!

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या दुःखाच्या घटकेला त्याच्या आईने त्याचे अवयव दान करण्यास संमती दिली आणि चार जणांना जीवन मिळाले. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली. ती करणाऱ्यांत डॉ. ज्युलियन बेल्स आणि डॉ. बेनेट ओमालू होते. ओमालू हे नायजेरियात जन्मलेले श्रद्धाळू कॅथलिक. माइक वेबस्टर या दिवंगत फुटबॉलपटूच्या मेंदूत सापडलेल्या विकाराविषयी त्यांनी २००५ साली प्रथम लिहिले होते. सीटीई या नावाने ओळखला जाणारा तोच विकार क्रिसच्या मेंदूतही असल्याचे जून २०१० मध्ये जाहीर झाले. डोक्याला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांतून तो उद्भवतो. राग न आवरणे, उतावीळपणा, नैराश्य, विस्मरण ही त्याची लक्षणे मानतात. त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होते. व्यावसायिक मैदानावर असताना क्रिसच्या डोक्याला गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. मुळाशी काय चालले होते, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

आता खरा प्रश्न येतो. क्रिस दोषी होता की आजारी?

योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य जवळजवळ असाच प्रश्न विचारतात : पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? येशू तो प्रश्नच बाजूला सारतो आणि त्या माणसाच्या ठायी देवाचे कार्य कसे प्रकट होईल, याकडे त्यांचे लक्ष वेधतो. आपल्याला मात्र हिशेब हवा असतो. कोणी म्हणेल, सगळे त्या आजाराने केले, बिचाऱ्याचा काय दोष? कोणी म्हणेल, मेंदूचे निमित्त पुरे झाले, तशीच टक्कर खाणारे सगळेच तुरुंगात जात नाहीत!

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही टोकांना जात नाही. गंभीर पापासाठी तीन गोष्टी लागतात, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत : कृत्य गंभीर असावे, ते गंभीर असल्याची पूर्ण जाणीव असावी आणि त्याला मनाची पूर्ण संमती असावी. त्याच धर्मशिक्षणात पुढे असेही सांगितले आहे की अज्ञान, भीती, सवय, मानसिक अवस्था यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. पहिली गोष्ट बाहेरून दिसते. मारहाण ही मारहाणच, आणि ती थांबवण्याचा समाजाला अधिकार आहे. उरलेल्या दोन गोष्टी माणसाच्या आत असतात, आणि तिथे पोहोचणारी नजर आपल्याजवळ नाही. म्हणून कृत्याचा न्याय आपण करू शकतो. माणसाचा अखेरचा न्याय आपल्या हाती नाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. क्रिसचा मेंदू जर वाईट दिवसांत आजारी होता, तर शेवटच्या त्या सोळा महिन्यांतही तो बरा झालेला नव्हता. सगळा दोष आजाराच्या पदरात टाकला तर त्या सोळा महिन्यांचे श्रेयही त्याच्याकडून काढून घ्यावे लागेल. आणि आजार असूनही तो सावरत असेल, तर सुदृढ माणसाला जे सहज जमते त्यासाठी त्याला किती झगडावे लागले असेल? आपण ज्याला जेमतेम बरे वागणे म्हणतो, ते देवाच्या तराजूत कदाचित फार जड ठरत असेल. दोष मोजता येत नाही, तसे पुण्यही मोजता येत नाही.

या कथेला पुढे एक फांदी फुटली. २००७ साली ज्या दिवशी क्रिसला निलंबित केले, त्याच दिवशी विद्यापीठातील त्याचा जुना सहकारी अ‍ॅडम जोन्स यालाही अख्ख्या मोसमासाठी बाहेर काढले होते. त्याचेही नाव पोलिसांच्या बातम्यांत सतत येई. पुढे बेंगल्स संघानेच जोन्सला आसरा दिला आणि तो तिथे अनेक वर्षे खेळला. त्याच जोन्सने क्रिसच्या दोन मुलांना आपल्या घरी आणून वाढवले. त्यांपैकी एक वडिलांसारखाच रिसीव्हर म्हणून नावारूपाला आला. एके काळी ज्याला लोकांनी ओवाळून टाकलेला मानले, तो दुसऱ्याच्या पोरक्या मुलांचा आधार झाला. फळ कोणत्या फांदीला लागेल, हे सांगता येत नाही.

बंधुभगिनींनो, प्रत्येक धर्मग्रामात असा एखादा तरुण असतो. शाळेत हुशार, खेळात पुढे, आणि मग दारू, भांडणे, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्याचा विषय निघतो आणि आपण दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो. त्याच्या चुकांवर पांघरूण घाला, असे शुभवर्तमान सांगत नाही. त्याच्या हातून ज्यांना त्रास झाला, त्यांच्या बाजूने आधी उभे राहिलेच पाहिजे. पण माळी केवळ मुदत मागत नाही. तो खणायला आणि खत घालायला तयार होतो. त्या मुलाला डॉक्टरकडे कोण नेईल? व्यसनमुक्तीच्या बैठकीला त्याच्यासोबत कोण बसेल? काम कोण मिळवून देईल? त्याच्या आईला पुढच्या रविवारी 'कसा आहे तो?' असे कोण विचारील?

फळ येईल याची हमी माळ्यालाही नव्हती. तरी त्याने कुदळ उचलली.