दोन लेकरे आणि एक तराजू

आमच्या घरात दोन लेकरे. मुलगी सात वर्षांची, मुलगा पाचाचा. घरात दखनी, गल्लीत मराठी, शाळेत उर्दू. भांडताना दोघे तिन्ही भाषा वापरतात.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. मुलगीही उर्दूतूनच शिकते. आता मुलाची पाळी आली, तर दादी म्हणतात, ‘पोराला इंग्लिश मीडियमला टाका. त्याला कमवायचंय.’ सल्ला मायेचा आहे. पण फी एकाचीच परवडते. म्हणजे प्रश्न माध्यमाचा राहत नाही, वाटणीचा होतो. ईदचे कपडे दोघांना सारखे घेणारे आपण शाळेपाशी मात्र तराजू झुकवतो आणि त्याला व्यवहार म्हणतो!

2009चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की, शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे. (आमची दखनी उर्दूच समजू या.) हे शिक्षण चांगले असेल, तर मुलाला का नको? कमी प्रतीचे असेल, तर मुलीला का द्यावे? आणि मग वर्गातल्या परक्या चाळीस लेकरांना आम्ही काय देतो?

याच नगरच्या किल्ल्यात 1942 ते 1945 मौलाना आझाद कैदेत होते; ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे इथलीच. सावित्रीबाई फुले याच शहरात सिंथिया फरारबाईंकडे अध्यापन शिकल्या. वर्गात हे आपण अभिमानाने सांगतो. घरी प्रवेश-अर्ज भरताना ते आठवते का?

मुलाचे नाव बहिणीच्याच शाळेत घालतो आहोत. वाचलेल्या फीतून दोघांना इंग्रजीची शिकवणी लावू. दादी अजून नाराज आहेत.