बाळंतपणानंतरची बाई

पूर्वी बाळंतपणाची खबर पत्राने कळे, आणि त्या पत्रात एक वाक्य ठरलेले असे : 'बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.' आता तेच वाक्य मोबाइलवर येते. वाक्य मोठे गोड आहे. दोन जीव एका जोडशब्दात बांधले आहेत. पण पुढचे निरोप पाहत गेले, म्हणजे ध्यानात येते, की या जोडशब्दातला एक शब्द हळूहळू गळत चालला आहे. तिसऱ्या महिन्यात 'बाळ मजेत आहे' एवढेच उरते. मग बाळंतीण गेली कुठे? ती कुठेही गेलेली नसते. ती चुलीपाशी असते, शेताच्या बांधावर असते, आणि आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडची असली, तर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजाराच्या वाटेला लागलेली असते. सरलेली असते ती तिची विचारपूस.

ही विचारपूस का सरते, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस सतावतो आहे. तो डॉक्टरांचा प्रश्न आहे असे आपण समजतो. मला वाटते, डॉक्टरांच्या आधी तो आपल्या नीतीचा प्रश्न आहे.

आपल्या रीतीभाती बायकांच्या बाबतीत सरसकट निष्ठुर आहेत, असे मी म्हणणार नाही. गर्भार मुलीचे कौतुक आपल्याकडे होते तसे क्वचितच कुठे होत असेल. डोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसवतात, फुलांची वाडी घालतात. कोणी बागेत, कोणी चांदण्यात, कोणी नावेत बसवून तिची हौस पुरवतात. 'डोहाळे' हा शब्दच पाहा. सुश्रुताने म्हटले आहे, की चौथ्या महिन्यात स्त्रीच्या देहात दोन हृदये नांदू लागतात, म्हणून ती 'दौहृदिनी'. दोन हृदयांची म्हणून तिची इच्छा मोडायची नाही. किती सुंदर विचार आहे हा! पण त्याच डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तिने कोणती उचलली, यावर मुलगा की मुलगी ते ठरवून सगळ्या हसतात. त्या खेळात कोणाचे मन दुखावत नाही. तरीही सगळ्यांचे डोळे दोहोंपैकी कोणत्या हृदयाकडे लागले आहेत, ते त्या वाटीवरून कळते.

पुढे बाळंतपण होते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शेकशेगडी, ओव्या-बाळंतशोपांची धुरी, अंग चोळणारी बाई. कोळीवाड्यात मुशीचे कालवण करतात. त्याने दूध वाढते, अशी समजूत आहे. सुश्रुताने बाळंतिणीचा काळ दीड महिना सांगितला. आपण सव्वा महिना धरतो. तो संपला, की शेगडी विझते आणि चोळणारी बाई दुसऱ्या घरी जाते.

आमच्या किनाऱ्यावर दर साली जून-जुलैत मासेमारी बंद असते. पावसाळा मासळीच्या विणीचा. तेव्हा जाळे टाकू नये, समुद्राला विसावा द्यावा, असा सरकारी नियम आहे. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात. नियम शहाणपणाचा आहे. पण हा विसावा आपण समुद्राच्या मायेपोटी देतो का? नाही. पुढे जाळे भरावे म्हणून देतो. त्यात वावगे काही नाही. समुद्राला कोणी विचारलेले नाही आणि त्याला वाईटही वाटत नाही. पण बाईला विसावा देतानाही आपल्या मनात हाच हिशेब असेल, तर मात्र थांबून विचार करायला हवा.

हा हिशेब खरा की खोटा, ते पाहायला एक कसोटी आहे. कठोर आहे, पण सोपी आहे. ज्या बाळंतिणीचे मूल जगले नाही, तिच्यासाठी लाडू होतात का?

माझ्या माहितीतल्या एका घरी असे झाले. मूल दुसऱ्या दिवशी गेले. घरात डिंक आणून ठेवलेला होता, गूळ होता. शेजारणीने विचारले, तेव्हा घरातल्या म्हातारीने डोळ्यांना पदर लावून म्हटले, "लाडू करून काय करू गं? पिणारं कुठं आहे?" ती म्हातारी दुष्ट नव्हती, नातवंडासाठी तिचा जीव तुटत होता. पण त्या एका वाक्यात सगळे तत्त्वज्ञान उघडे पडले. सुनेच्या अंगावरून तेवढेच रक्त गेले होते, तिची कंबर तेवढीच मोडली होती, आणि पिणारे नसतानाही दूध यायचे थांबले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ती कामाला लागली.

आनंदीबाई जोशींचे चरित्र पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते, आणि काही काळ त्यांची बदली आमच्या अलिबागला होती. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. आपल्याकडे धरतात तो सव्वा महिना मोजला, तर त्या मुलीच्या बाळंतपणाचे जवळजवळ चार आठवडे मूल गेल्यावरच उरले होते. पुढे ती समुद्रापलीकडे गेली. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि प्रबंधासाठी तिने विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच ती गेली.

माझे म्हणणे एवढेच आहे, की काळजीमागचे कारण जेवढे टिकते, तेवढीच काळजी टिकते. मुलासाठी केलेली काळजी मुलाबरोबर संपते. ते गेले तर लगेच, आणि वाढले तर ते अंगावरचे सोडते तेव्हा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० भारतीय स्त्रियांत ५७ जणींचे रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हा आकडा २५ आहे. गर्भार स्त्रियांत तो ५२ होता. गर्भारपणी रक्ताचे माप थोडे खाली धरतात, तेव्हा ५७ आणि ५२ काटेकोरपणे शेजारी मांडता येणार नाहीत. तरी इतके खरे, की ही उणीव गर्भारपणाबरोबर येत नाही आणि त्याबरोबर जातही नाही. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. गर्भारपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज एक घ्यायची. पहिले १८० दिवस सासू आठवण करते, नवरा विचारतो. नंतरच्या गोळ्या फडताळात पडून राहतात, कारण त्यांची आठवण करणाऱ्याला आता दुसरे काम लागलेले असते.

आणि पुढची वर्षे? त्यांचा शोध महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉक्टर राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. दवाखान्यात कोण येते याची वाट न पाहता त्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांना तपासले. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला. शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या शंभरांत अवघ्या ८. तोवर खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे तिचे बाळंतपण, असे शहाणी माणसेही समजत होती. बाळंतपणाच्या अलीकडे आणि पलीकडेही बाई असते, हे त्या दोन खेड्यांनी दाखवले.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कारण कोणतेही असो, काम झाल्याशी मतलब. डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, तेव्हा आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असेच त्यांनी मांडले. आणि १९२९ साली कायदा झाला. हे मला मान्य आहे. सभागृह जिंकायला राष्ट्राचे हित लागते. पण घर म्हणजे सभागृह नव्हे. घरातल्या माणसावर माया करायला राष्ट्राची साक्ष कशाला हवी? शिवाय १९६१ च्या कायद्याने गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीलाही सहा आठवड्यांची रजा दिली. तिथे मूल नव्हते. फक्त बाई होती. त्या ठिकाणी कायदा घराच्या पुढे गेला, असे म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बाई स्वतःच म्हणते, 'मला कशाला? मुलांना द्या.' तिच्या त्यागात तिचा आनंद आहे. तो हिरावणारे आपण कोण? आईच्या त्यागापुढे मी मान लववते. पण दान आपल्या मालकीच्या वस्तूचेच करता येते. ज्या मुलीला लहानपणापासून शेवटी जेवायला शिकवले, जिला आपला देह आपला आहे असे कोणी कधी सांगितलेच नाही, तिने दिले असे म्हणायचे की तिच्याकडून घेतले असे म्हणायचे? आधी तिचे ताट तिच्यासमोर येऊ द्या. मग तिने त्यातला घास काढून दिला, तर तो त्याग.

प्रकृती राखायची म्हणजे काय, हेही सगळ्यांना सारखे नसते. पहाटे आमच्या किनाऱ्यावर पर्यटक बायका बूट घालून झपझप चालतात, आणि त्याच वेळी कोळणी ओझी घेऊन निघालेल्या असतात. डॉक्टरांची आडकाठी नसेल, तर गर्भारपणी आणि बाळंतपणानंतरही आठवड्याला निदान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. बैठ्या कामाच्या बाईला हा सल्ला मोलाचा आहे. पण पाटी वाहणे म्हणजे व्यायामच झाला, असे कोणी म्हटले तर ते खोटे. व्यायाम अंगाला घडवतो, कष्ट अंगाला झिजवतात. बाळंतपणानंतर लवकर जड ओझी उचलली, की पुढे कित्येकींचे अंग बाहेर येते. बायका हे एकमेकींच्या कानात सांगतात आणि वर्षानुवर्षे तसेच काम करीत राहतात. ओटीपोटाखालचे स्नायू लघवी रोखल्यासारखे आवळायचे आणि सैल सोडायचे, असा व्यायाम अमेरिकेतल्या आर्नल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ साली मांडला. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. मासळीबाजारात बसल्या बसल्याही करता येतो. ज्यांना त्रास सुरू झाला आहे, त्यांनी मात्र आधी दवाखाना गाठावा. त्यात लाज कसली? पाटीवालीला त्याहून अधिक गरज आहे ती विसाव्याची, आणि विसावा तिला एकटीला घेता येत नाही. तिच्या वाटची पाटी दुसऱ्या कोणाला तरी उचलावी लागते.

आता दिवाळी आली आहे. नरकचतुर्दशीला घरातली बाई सर्वांच्या आधी उठेल. पाणी तापवील, तेल कोमट करील, उटणे कालवील, एकेकाला पाटावर बसवून न्हाऊ घालील, आणि उजाडता उजाडता स्वतः कशीबशी अंघोळ उरकील. तिच्या पाठीला दुसऱ्याच्या हातचे तेल शेवटचे लागले ते बाळंतपणात. यंदा पहिला पाट तिच्यासाठी मांडा. मुलगे मोठे असतील, तर पाणी त्यांनी ओढावे. लेकीने नाहीतर सासूने तिची पाठ चोळावी. ती म्हणेल, 'हे काय नवीन? कशासाठी?' तिला उत्तर द्यायला फार विचार करू नका. तिची पाठ दुखते, एवढे कारण पुरे आहे.