दाखवा बरं, आत्या

जामखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर एक आत्या होत्या. आयुष्य चुलीपुढं गेलेलं. तुरकाट्या, गोवऱ्या आणि घरभर धूर. बिडीला कधी हात लावला नाही, तरी साठीनंतर अंगणातून ओट्यावर येईतो धाप लागायची. पोरानं शहरात नेलं. नळीत फुंकायला लावून तपासलं, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार निघाला. डॉक्टरांनी हातात मावेल एवढं प्लास्टिकचं यंत्र आणि कॅप्सूल दिल्या.

महिना गेला, धाप होती तशीच. पोरानं डॉक्टर बदलला, कॅप्सूल महाग झाली, गुण तोच. शेजारी म्हणाले, "पंपाची सवय लागते, सोडा ते."

गावात एक आरोग्य कार्यकर्ती होती. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यांतल्या निरक्षर बायकांनाही आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यांच्यातलीच ही एक. चिठ्ठीवरचं इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आत्या, औषध कसं घेता ते दाखवा बरं."

आत्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि वर तांब्यातलं पाणी प्यायल्या. यंत्र फडताळात, कागदात गुंडाळलेलं.

हसू नका. कॅप्सूल म्हटल्यावर माणूस गिळणारच. दिवसातून दोनदा, एवढं सगळ्यांनी सांगितलं होतं. ओढून घ्यायची, हे कुणी करून दाखवलं नव्हतं.

तिनं दाखवलं. कॅप्सूल यंत्रात घालायची, पिळायचं. श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही. ओठ घट्ट मिटून जोरात ओढायचं, दहा अंक मोजेतो रोखायचं. भुकटी उरली तर पुन्हा ओढायची. शेवटी चूळ.

"पोटातली गोळी म्हणजे पाटाचं पाणी, रानभर पसरतं. हे ठिबक आहे, थेट मुळाशी." उपमा चोख होती. धापेवरच्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा हिस्सा.

"आणि बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही," तिनं बजावलं.

फुप्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत, या आजारात होतही नाहीत. पण दिवाळीत आत्या एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेल्या, वाटेत दोनदाच टेकल्या. सुनेनं चूल बाहेर पत्र्याखाली हलवली.

पंधरवड्यानं कार्यकर्ती पुन्हा आली. आत्या म्हणाल्या, "घेते गं रोज, अगदी तू सांगितलंस तस्संच."

ती ओट्यावर बसली. "घेत असाल. पण दाखवा बरं."