सोसलेला माणूस दयाळू होतो का?

कुंतीने कृष्णाकडे वर म्हणून विपत्ती मागितली, ही कथा माझे वडील कीर्तनात फार रंगवून सांगत. दुःखाने माणूस निवळतो, परक्याची वेदना त्याला कळू लागते, असं त्यांचं निरूपण. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या मला या निरूपणाच्या आड आयरिश माणसं येतात.

1845 मध्ये आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली, त्याहून जास्त देश सोडून निघाली. मदतीचा कारभार पाहणाऱ्या चार्ल्स ट्रेव्हेल्यनना त्यात ईश्वरी योजना दिसत होती. क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर 1847 या एका वर्षात जहाजांतून आलेल्या 5,000 हून अधिक लोकांना पुरावं लागलं. अमेरिकेत तरी कोण पायघड्या घालून बसलं होतं? 1844 मध्ये फिलाडेल्फियात जमावाने आयरिश कॅथलिकांची दोन चर्चं जाळली होती.

मग जुलै 1863. यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. 300 डॉलर भरणाऱ्याला सूट, गरिबाला बंदूक. न्यूयॉर्कचे मजूर पेटून उठले, आणि त्यांत आयरिश फार मोठ्या संख्येने होते. राग रास्तच होता. तो निघाला मात्र काळ्या माणसांवर. काहींना खांबांवर लटकवलं. पाचव्या अव्हेन्यूवरचा काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला. दोनशेहून अधिक पोरं कशीबशी बाहेर काढली म्हणून वाचली.

गोदीतली मजुरी काळे लोक हिरावतील ही भीती होती, असं अभ्यासक सांगतात. मला ते पटतं, पण पुरत नाही. कारण या आयरिशांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. आयर्लंडचे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांच्यासह सुमारे 60,000 आयरिशांनी सह्या करून अमेरिकेतल्या आपल्या बांधवांना गुलामगिरीविरुद्ध उभं राहण्याचं आवाहन केलं होतं. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी ते पत्र खरं आहे का, अशीच शंका काढली. अर्थात उत्तरेच्या सैन्यात सुमारे दीड लाख आयरिश लढले, आणि दंगलखोरांना अडवणाऱ्या पोलिसांतही आयरिश पुष्कळ होते, हेही सांगायलाच हवं.

उलट बाजूला चोक्टॉ. 1831 पासून या मूळ रहिवाशांना मिसिसिपीतून हुसकलं गेलं, वाटेत हजारो मेले. त्यांनीच 1847 मध्ये, कधी न पाहिलेल्या आयरिशांसाठी 170 डॉलर गोळा केले.

सोसणं दोघांच्याही वाट्याला आलं. तेव्हा दया ही दुःखातून आपोआप उगवत नाही. ती दर वेळी ठरवून करावी लागते. तुकोबांनीही साधू म्हटलं ते रंजल्यागांजल्याला जवळ करणाऱ्याला. रंजला म्हणून कोणाला त्यांनी साधू ठरवलं नाही. वडिलांशी यावर वाद घालायचा राहून गेला.

2020 च्या करोना साथीत अमेरिकेतले नावाहो आणि होपी हे मूळ रहिवासी बेजार झाले, तेव्हा चोक्टॉंची आठवण ठेवून हजारो आयरिशांनी त्यांना पैसे पाठवले. हे दाते खाऊनपिऊन सुखी होते; तो दुष्काळ त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता.