न सांगितलेले दुखणे

शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके सापडली. त्यांच्या अस्थींचा अभ्यास झाला. त्यांच्या मातांनी काय सोसले, हे मात्र मातीत उरले नाही.

परंतु हयात स्त्रियांचे दुखणे तरी आपणांस ठाऊक असते काय? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. सरकारी आरोग्यसेवेचे लक्ष तेव्हा प्रसूती व कुटुंबनियोजन यांवरच होते. स्त्रीच्या मौनालाच आरोग्य मानले गेले.

न सांगितलेल्या दुखण्याची जबाबदारी कोणाची? आमच्या मते, न विचारणाऱ्याची. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत प्रभूच्या वस्त्राला गुपचूप शिवली. प्रभू थांबला, त्याने विचारले आणि तिचे सारे ऐकून घेतले.

मात्र विचारणाऱ्यावर ऋण चढते. माहिती घेऊन उपचार न देणारे संशोधन अपुरेच राहते. बंग दांपत्याने तेथेच राहून सेवा चालू ठेवली. वाचकहो, आपल्या घरी आईला, सुनेला हे कोणी विचारले आहे काय?