बदकाला काठ लागतो

तळवलीच्या पट्ट्यात बदकं नव्याने आली नाहीत. नवी मुंबईतल्या घणसोली आणि रबाळ्याच्या मधलं हे गाव. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि दोहोंच्या मध्ये एके काळी भाताची खाचरं, खारजमिनीचे बांध, गावागावांतली तळी. डोंगरावरचा पाऊस ओढ्यांनी उतरायचा, तळी भरायचा, खाचरांतून वाहत खाडीला मिळायचा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे त्याच वाटांनी उलटे चढायचे. हळदी-कुंकू बदक आणि अडई यांची राहणी या पाण्याला धरून होती. दिवसा तळ्यावर विसावायचं आणि अंधार पडला की खाचरांत चरायला जायचं. म्हणजे तळं हे बदकाचं अर्धं घर होतं. उरलेलं अर्धं भाताच्या शेतात होतं.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली आणि या नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी ठरवल्या गेल्या. माणसांच्या हक्कासाठी प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील उभे राहिले, १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना मिळाली. तो हिशोब अजूनही पुरता चुकता झालेला नाही. खाचरांतल्या पाखरांच्या वाट्याची नोंद मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती, त्यामुळे तो गेला तेव्हा कुणी मागायलाही आलं नाही. खाचरं गेली, गावांतली तळी तेवढी राहिली. आज इमारतींच्या मध्ये एखादं बदक उतरतं तेव्हा आपल्याला अप्रूप वाटतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते उरलेल्या अर्ध्या घरात कसंबसं भागवत असतं.

म्हणून या उरलेल्या अर्ध्याचं आपण काय करतो याला फार महत्त्व आहे. तळं सुधारायचं ठरलं की सगळीकडे एकाच साच्याचं काम होतं: चारही बाजूंनी दगडी पिचिंग, कठडा, पेव्हर ब्लॉकची वाट, उंच दिवे. यातलं बरंच हवंहवंसं आहे. मुलं पाण्यात पडत नाहीत, कचरा टाकायला हात धजावत नाही, म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी चालायला जागा मिळते. पण तळ्यातला जीव मुख्यतः राहतो तो जमीन जिथे हळूहळू पाण्यात शिरते त्या पट्ट्यात. चिखल, लव्हाळा, पाणकणीस, घोट्याएवढं पाणी. हळदी-कुंकू बदक बुडी मारून खोलातलं खाणारं पाखरू नव्हे. ते शेपटी वर करून मान पाण्यात घालतं, आणि मान पोचेल तेवढ्याच खोलीवर त्याचं पोट भरतं. घरटंही जमिनीवर, गवताच्या आडोशाला. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईच्या मागे चालत पाण्यावर जातात. पोहून दमली की ऊब घ्यायला त्यांना कोरड्यावर यावं लागतं. उतरत्या काठावर ती सहज चढतात. उभ्या भिंतीला त्यांचे पाय लागत नाहीत, आणि वर कितीही सुंदर कठडा असला तरी ते तळं त्यांच्यासाठी विहीर होतं.

आपल्याकडे ही पिल्लं पावसाळ्यात होतात, आणि भाद्रपदात गणपती विसर्जनाला त्याच तळ्यावर येतात. हा पेच खरा आहे आणि श्रद्धेला दोष देऊन तो सुटत नाही. नवी मुंबई महापालिकेने अनेक तळ्यांमध्ये विसर्जनासाठी गॅबियन पद्धतीच्या, म्हणजे जाळीत दगड भरलेल्या भिंतीने वेगळा भाग राखला. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश दिला. मला यात मोलाचं वाटतं ते हे की उत्सव थांबवावा लागला नाही. पाण्याची वाटणी करावी लागली. तशीच वाटणी काठाचीही करता येते.

तळ्याकाठी राहणाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नसतात. बाळाला डास चावतात, जिन्यात साप निघतो, बेडूक रात्रभर ओरडतात. पण पाण्याकाठी दिसणारा साप पुष्कळदा दिवड असतो. बिनविषारी, मासे-बेडकांवर जगणारा, डिवचला तर मात्र चावरा. ओळख पटत नसेल तर लांब राहून सर्पमित्राला बोलवावं, काठी उचलू नये. डासांचं तर उलटंच आहे. डासांच्या अळ्या खातात चतुरांची पिल्लं आणि लहान मासे. चतुराचं पिल्लू पाण्यातून वर येतं ते बहुतेकदा एखाद्या काडीला धरून, तिथेच त्याला पंख फुटतात. ज्या काठावर काडी ठेवली नाही तिथे चतुर कमी होतात, आणि गच्चीतल्या उघड्या पिंपातल्या डासांसाठी तळ्याला बोल लावला जातो.

पावाचंही बोललं पाहिजे. मुलाचा हात धरून बदकांना पाव टाकणारा बाप प्रेमानेच तसं करतो. पण पावाने पाखराचं पोट भरतं आणि पोषण होत नाही. जे तुकडे उरतात ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, उंदीर आणि कुत्री काठाला बांधून ठेवतात, आणि जमिनीवरच्या घरट्याला कुत्र्यांचा मोठा धोका असतो. त्या मुलाला पाव देण्याऐवजी हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी असलेले दोन लाल ठिपके दाखवावेत. हळद आणि कुंकू कुठलं, ते त्याला लगेच कळेल.

याच शहराने स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवून घेतलं आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, चरतात. भरतीला तो चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ जागा लागते, म्हणून ते नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येतात. एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद होऊन ते आटलं, आणि त्या दिवसांत त्या परिसरात अनेक रोहित मेले. अभयारण्य नकाशावर जागच्या जागी होतं. तुटली होती ती भरतीच्या काही तासांची विसाव्याची जागा. बदकाची खाचरं आणि रोहितांचं हे तळं यांत मला एकच गोष्ट दिसते. पाखरू एका ठिकाणी राहत नाही, दोन ठिकाणांच्या मध्ये राहतं, आणि त्यातलं कमी देखणं ठिकाण आपण आधी बुजवतो.

तळवलीत किंवा शेजारच्या कुठल्याही गावठाणात हे करायला मोठा निधी लागत नाही. चारपैकी एक बाजू मातीची, उतरती, गवताची ठेवावी. पाखरांना अंधार मिळावा म्हणून त्या बाजूचे दिवे रात्री दहानंतर बंद करावेत. गाळ काढायचा तर अर्धं तळं या उन्हाळ्यात आणि अर्धं पुढच्या, म्हणजे शंख, शिंपले आणि कंद एकदम उपसले जाणार नाहीत. पूर्वी म्हशी पाण्यात उतरायच्या ती उताराची जागा गावातली जुनी माणसं अजून दाखवू शकतात. पुढच्या कामाची निविदा निघण्याआधी ती जागा त्यांच्याकडून नकाशावर खुणावून घ्यावी, आणि तेवढ्या भागात दगड बसवू नयेत असं महापालिकेच्या विभाग कार्यालयाला रहिवाशांच्या सह्यांनिशी लेखी द्यावं.